खापर कुणाच्या हातात?

सोवळ्यातल्या उपवासाला बटाटा चालतो. साबुदाणा चालतो. फराळाच्या ताटात पपईची फोड चालते. कुणाच्या हातचं हे अन्न, ते मात्र कुणी विचारत नाही.

बटाटा हा शब्द ताइनो लोकांचा. हे लोक कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर राहत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला, पोर्तुगिजांनी स्पॅनिशांकडून उचलला, आणि पोर्तुगिजांच्या गलबतातून तो आपल्या किनाऱ्याला लागला. पपई आणि तंबाखू या शब्दांवर पंडित अजून भांडतात, पण बहुतेकांचं बोट तिकडंच जातं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींनी रानातून आणून शेतात लावला. म्हणजे बघा, शब्द राहिला, कंद राहिला, व्यसनही राहिलं. माणूस तेवढा पुसला. इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एकच ओळ आली : 'ही जमात नष्ट झाली.'

दोस्तहो, हा लेख त्या एका ओळीविरुद्ध आहे. आणि एका चित्रकाराबद्दल आहे. नाव जॉर्ज सायमन. गयानाचा, जातीनं अरावाक. अरावाकांच्या जुन्या वस्तूंवरून 'प्रेरणा' घेणारे कलावंत पुष्कळ झाले. पण प्रेरणा कोण घेतो, कुठून घेतो, आणि घेऊन झाल्यावर परत काय देतो, हा सवाल सायमनच्या आयुष्याकडं बघितल्यावर नीट समजतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. अरावाक हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं. गयाना, सुरीनाम या भागातले हे लोक स्वतःला लोकोनो म्हणतात. लोकोनो म्हणजे माणसं. बेटांवरचे ते ताइनो. दोघांच्या भाषा एकाच कुळातल्या, म्हणून जुन्या पुस्तकांनी दोघांनाही सरसकट अरावाक करून टाकलं. 'आम्ही माणसं आहोत' हेच ज्यांचं नाव, त्यांना दुसऱ्यानं नाव द्यावं, आणि जगानं तेच खरं धरावं! नावं ठेवणाऱ्यांची ही रीत आपल्याला काही नवी नाय.

आता १४९२. कोलंबस बेटावर उतरला तेव्हा त्याच्याकडं आलेल्या लोकांच्या हातात कापसाच्या सुताचे गुंडे होते. हे त्यानं स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. आणि त्याच रोजनिशीत हेही, की हे लोक चांगले नोकर होतील. तीन वर्षांत, १४९५ मध्ये, हिस्पानिओला बेटावर त्यानं खंडणी बसवली. सोन्याच्या मुलखात चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं दर तीन महिन्यांनी बहिरी ससाण्याच्या पायातल्या घुंगराएवढं सोनं भरून द्यायचं. जिथं सोनं नाही तिथं माणशी पंचवीस पौंड कापूस.

पंचवीस पौंड म्हणजे अकरा किलोच्या वर. मी गिरणीत काम करतो. आमच्या खात्यात अकरा किलोला कुणी विचारत नाही, यंत्र ते बघता बघता गिळतं. पण झाडावरची बोंडं वेचायची, सरकी काढायची, तीही हातानं, आणि पोटाची शेती संभाळून, मग तीन महिने पुरत नाहीत. खंडणी भरली की एक धातूचा बिल्ला मिळायचा. तो गळ्यात घालायचा. ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्याला शिक्षा. गळ्यात काय अडकवलंय त्यावरून माणसाची लायकी ठरवायची, ही अक्कल सातासमुद्रापलीकडंही होती. आपल्याला ती वेगळी समजावून सांगायला नको.

लोक डोंगरात पळाले. उपाशी मेले, तलवारीनं मेले, देवीच्या साथीनं मेले. पन्नास-साठ वर्षांत मोठमोठी गावं ओस पडली. पण सगळे मेले नाहीत. काही बायका, काही पोरं, काही डोंगरातली माणसं उरली आणि पुढं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांत, स्पॅनिश वस्त्यांत मिसळली. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी बहामा बेटांवरच्या एका गुहेत सापडलेल्या, हजारेक वर्षं जुन्या दातातून एका बाईचा संपूर्ण जनुकीय आराखडा काढला. त्या बाईच्या लोकांचं रक्त आजच्या पोर्तो रिकोच्या माणसांत सापडलं. आणि तिचं जवळचं नातं निघालं दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडल्या अरावाक भाषा बोलणाऱ्यांशी. 'नष्ट झाली' ही ओळ खोटी होती. लिहिणाऱ्याच्या सोयीची होती. कारण जो मेला त्याचं देणं लागत नाही.

माणूस मेला असं ठरवलं की त्याच्या वस्तू बेवारस होतात. १७९२ मध्ये जमैकाच्या कार्पेंटर्स माउंटन भागातल्या एका गुहेत ताइनोंचे लाकडी देव सापडले. एक पक्ष्याच्या रूपातला. दुसरा पावसाचा देव बोइनायेल, डोळ्यांतून गालावर आसवांच्या धारा कोरलेला. ताइनोंसाठी ती आसवं म्हणजेच पाऊस. १७९९ मध्ये हे देव लंडनच्या विद्वानांच्या सभेत मांडले गेले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्या साली ते सापडले त्या साली त्याच जमैकात उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेच्या गुलामांच्या पाठी फुटत होत्या. एका समाजाला मारून त्याचा देव काचेत ठेवायचा, दुसऱ्या समाजाला जिवंत ठेवून त्याचा घाम पिंपात भरायचा. दोन्ही धंदे एकाच घरचे. २०१९ मध्ये जमैकाच्या सरकारनं हे देव परत मागितले.

आता गयानाकडं येऊ. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा देश. आधी डचांच्या ताब्यात, मग इंग्रजांच्या, १९६६ मध्ये स्वतंत्र. नव्वद टक्के लोक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. आत जंगल, नद्या, सवाना. आपल्या देशातूनही तिथं १८३८ पासून १९१७ पर्यंत सुमारे २,३९,००० माणसं उसाच्या मळ्यांवर गिरमिटात नेली गेली, बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारकडची. त्यांची लेकरंबाळं आज त्या देशातला सगळ्यात मोठा समाज आहेत. आफ्रिकेच्या गुलामांचे वंशज दुसऱ्या नंबरवर. आणि मूळचे आदिवासी, नऊ जमाती मिळून, दहात एक.

इथं एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. गोड इतिहास आपल्या कामाचा नाही.

डचांनी गयानात मळे घातले तेव्हा त्यांनी अरावाक, कॅरिब, अकावायो या जमातींशी करार केले. त्यांना चाकू, कुऱ्हाडी, कापड, दारू दिली. बदल्यात काय? मळ्यांवरून पळालेले आफ्रिकी गुलाम जंगलातून धरून आणायचे. १७६३ मध्ये बर्बिस नदीच्या काठी कफी नावाच्या गुलामाच्या पुढारीपणाखाली हजारो गुलाम उठले. महिनोन्महिने त्यांनी वसाहत ताब्यात ठेवली. तो उठाव मोडायला डचांच्या फौजेबरोबर आदिवासी होते. जंगलाची वाट फक्त त्यांनाच माहीत होती. पुढं १८३० च्या दशकात इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी उठली. मग जंगलाच्या पहारेकऱ्याची गरज सरली आणि चाकू-कापडाच्या भेटीही बंद झाल्या. तुडवलेल्या माणसाला दुसऱ्या तुडवलेल्या माणसावर पहारेकरी नेमायचं आणि काम झालं की दोघांनाही वाऱ्यावर सोडायचं. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, तिची कळ इथंही अशीच फिरवलेली दिसते. किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडी आदिवासीला 'बक' ही शिवी पुढं कितीतरी वर्षं राहिली. एकमेकांकडं बघायची नजर मालकानं शिकवून ठेवली होती.

या पार्श्वभूमीवर गयानातला पहिला मोठा चित्रकार बघा, ज्यानं आदिवासींच्या जुन्या खुणा कॅनव्हासवर आणल्या. ऑब्री विल्यम्स. जन्म १९२६, जॉर्जटाउन. आफ्रिकी वंशाचा, शेतीखात्यात नोकर. ऊस पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांची बाजू घेतो म्हणून साहेबानं त्याला वायव्येच्या जंगलात होसोरोरोला टाकला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे शिक्षेची बदली. तिथं तो दोन वर्षं वाराऊ आदिवासींच्यात राहिला. रंग काय, आकार काय, हे त्यांच्याकडून शिकला. १९५२ मध्ये इंग्लंडला गेला, मोठा झाला. गयानाच्या खडकांवर आदिवासींनी कोरलेल्या आकृत्यांना कॅरिब भाषेत टिमेरी म्हणतात. त्या टिमेरी विल्यम्सच्या चित्रांत शिरल्या. १९७० मध्ये त्यानं देशाच्या विमानतळावर भित्तिचित्रं काढली. विमानतळाचं नावही तेव्हा टिमेरीच होतं.

विल्यम्सला मी नावं ठेवणार नाही. ज्या समाजाला त्याच्या पूर्वजांविरुद्ध वापरलं गेलं त्याच समाजाच्या पायाशी बसून तो शिकला. हे मोठेपण आहे. पण राज्यानं काय केलं? नवा देश, नवी ओळख पाहिजे होती. आदिवासींचे शब्द सोयीचे पडले. विमानतळाला टिमेरी नाव दिलं. १९७२ मध्ये अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी जॉर्जटाउनमध्ये उमाना याना नावाची भलीमोठी गवताची इमारत वायवाय आदिवासींकडून बांधून घेतली. नाव वायवायचं, हात वायवायचे, आतल्या खुर्च्या परराष्ट्रमंत्र्यांच्या. आदिवासी भिंतीवर आला, छपरावर आला, नावात आला. दारातून आत येऊन बोलायची त्याची पाळी अजून यायची होती.

जॉर्ज सायमन १९४७ मध्ये महाइका नदीकाठच्या सेंट कथबर्ट्स मिशन या लोकोनो गावात जन्मला. गावाचं खरं नाव पाकुरी. लहान वयात एका इंग्रज पाद्र्यानं त्याला दत्तक घेतलं. १९७० मध्ये तो इंग्लंडला गेला आणि पोर्ट्समथला चित्रकला शिकून १९७८ मध्ये परत आला. हे 'परत आला' महत्त्वाचं आहे. शिकून मोठं झालेला माणूस आपल्या वस्तीकडं पाठ फिरवतो हे आपण पैशाला पासरी बघतो.

आल्यावर तो कलाशाळेत शिकवायला लागला. पण तेवढ्यावर भागेना. माझ्या लोकांचं काय होतं, हे मला पुस्तकातून नको, मातीतून पाहिजे, असा त्याचा हट्ट असावा. १९८५ मध्ये तो वॉल्टर रॉथ मानववंशशास्त्र संग्रहालयात डेनिस विल्यम्स यांच्या हाताखाली गेला. हे डेनिस विल्यम्सही मुळात चित्रकार, लंडनमध्ये नाव कमावलेले. ब्रश ठेवून ते पुरातत्त्वाकडं वळले होते. त्यांच्याबरोबर सायमन उत्खनन शिकला. पुढं लंडनला जाऊन १९९४ मध्ये त्यातली पदवी घेऊन आला. पण त्यानं ब्रश ठेवला नाही. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात खुरपं, असा तो शेवटपर्यंत राहिला.

खापर दोघं बघतात. पुरातत्त्ववाला त्याचं वय विचारतो. चित्रकार त्याची नक्षी विचारतो. सायमन दोन्ही विचारायचा आणि तिसरंही, की हे कुणाच्या चुलीवरचं? कारण ते त्याच्याच आजीच्या आजीचं असू शकत होतं. त्याच्या चित्रांत पाणी आहे, नद्या आहेत, आकाशगंगा आहे, लोकोनो भाषेत बिमिची म्हणतात तो इवलासा हमिंगबर्ड आहे, अंगात वारं घेऊन दुसऱ्या जगात जाणारा शामान आहे. रंगही कधी कॅनव्हासवर, कधी कागदावर, कधी साध्या ट्विलच्या कापडावर. २००९ मध्ये गयाना विद्यापीठात त्यानं विल्सन हॅरिस या कादंबरीकाराच्या 'पॅलेस ऑफ द पीकॉक' या १९६० च्या कादंबरीला वंदन म्हणून मोठं भित्तिचित्र काढलं. त्या कादंबरीत आदिवासींच्या शोधात नदीतून वर जाणाऱ्या एका टोळीची गोष्ट आहे. नदीच्या वर ज्यांना शोधायला जातात त्यांच्यातलाच एक खाली उतरून भिंत रंगवतो. मला यात सगळं आलं असं वाटतं.

तरीही सायमनचं सगळ्यात मोठं काम मला भिंतीवरचं वाटत नाही. ते १९८८ सालचं आहे. त्या वर्षी तो आपल्या गावी, पाकुरीत, गेला आणि तिथल्या लोकांसाठी रेखाटनाचं शिबिर घेतलं.

याचं मोल कळायला कला आणि हस्तकला हे भांडण समजून घ्यावं लागतं. पाकुरीच्या बाया इते नावाच्या ताडाच्या कोवळ्या पानांतून टिबिसिरी नावाचा धागा काढतात आणि त्याच्या टोपल्या, चटया विणतात. अरावाक झोपायचे ते झोळणे, हॅमॉक, हा शब्दही ताइनोंचाच. कडू कसावा विषारी असतो. तो किसून 'मातापी' नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरतात, नळी ताणली की विणीचे डोळे आवळतात आणि विषारी रस बाहेर पडतो. तोच रस आटवून त्याचा काळा अर्क करतात, विष जातं, आणि त्यात शिजवलेलं मटण गयानाचा नाताळचा मान समजला जातो. मी सूत जाणतो, वीण जाणतो. ताणल्यावर आवळणारी आणि सोडल्यावर उघडणारी नळी विणणं म्हणजे अख्खं यंत्र आहे, नुसत्या काड्यांचं. पण बाजारात तिचं नाव काय? 'आदिवासी हस्तकला.' भाव काय? पाहुण्याच्या मर्जीवर. आणि तीच वीण शहरातल्या कलावंतानं कॅनव्हासवर काढली की तिचं नाव 'कला', खाली सही, भिंतीवर दिवा.

सायमननं शिबिरात ही भिंत पाडली. गावातल्या माणसांना सांगितलं की तुमच्या हातात जे आहे तेच काढा, कोरा, आणि खाली आपलं नाव घाला. त्या शिबिरातून ऑस्वल्ड हुसेन, रोलंड टेलर असे लोकोनो कलावंत पुढं आले. हुसेन गावच्या लाकडातून लोकोनो गोष्टींतले आत्मे आणि प्राणी कोरतो. एकाच वर्षात, १९८९ मध्ये, त्यानं राष्ट्रीय प्रदर्शनात पहिलं बक्षीस मारलं. पुढं या मंडळींना लोकोनो कलावंतांचा गट म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ज्यांच्या पूर्वजांचे लाकडी देव लंडनच्या काचेत उभे आहेत त्यांच्या भाऊबंदांनी पुन्हा लाकडाला हत्यार लावलं. यावेळी करणाऱ्याचं नाव होतं.

इथं विल्यम्स आणि सायमन यांच्यातला फरक दिसतो. एक त्यांच्याकडून शिकला. दुसऱ्यानं त्यांना शिकवलं, आणि त्यांचंच त्यांना परत दिलं. सहानुभूती आणि स्वानुभव या वादात आपण रात्री जागवल्यात. त्या वादात सायमन माझ्या मते एक मुद्दा वाढवतो. स्वानुभव असून भागत नाही. सायमनजवळ जन्म होता, पण खापराचं वय वाचायला त्याला लंडनची विद्या लागलीच. जन्म आणि विद्या दोन्ही एका हातात आल्या तेव्हा खापर बोललं.

पुढची गोष्ट बर्बिसची. सायमननं नील व्हाइटहेड या मानववंशशास्त्रज्ञाबरोबर बर्बिस नदीच्या काठी काम केलं. तिथं मातीचे उंचवटे होते, खापरं होती, आणि काळी माती होती. ही काळी माती आपोआप होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एका जागी राहून चुलीची राख, कोळसा, हाडं, उष्टंखरकटं मातीत घालतात तेव्हा ती होते. साहेबांच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की जंगलातले हे लोक म्हणजे भटके, चार-दोन झोपड्यांचे, मागं काही न ठेवणारे. मातीनं साक्ष दिली की नाही, इथं लोक टिकून राहत होते, जमीन कसत होते, जमीन घडवत होते. आणि हीच ती नदी, जिच्या काठी १७६३ मध्ये गुलाम उठले होते आणि आदिवासींना त्यांच्या अंगावर सोडलं होतं. डचांच्या कागदांत अरावाक पहारेकरी म्हणून भेटतो. त्या कागदाच्या खाली, मातीत, तो शेतकरी म्हणून, कुंभार म्हणून भेटतो. कागद मालकाचा असतो. माती कसणाऱ्याची असते.

२०१२ मध्ये सायमनला कॅरिबियनमधला मानाचा अँथनी सबगा पुरस्कार मिळाला. १५ जुलै २०२० रोजी तो वारला.

आता कुणी म्हणेल, झालं, सगळं चांगलं झालं. नाही झालं. गयानात २००६ चा आदिवासी कायदा आहे. त्यात गावांना जमिनीची मालकी मिळते. पण जमिनीच्या पोटातलं सोनं, हिरे, तेल सरकारचं. सोन्याच्या खाणींचा पारा नद्यांत उतरतो आणि माशांतून आदिवासींच्या पोटात जातो. १४९५ मध्ये सोनं मागितलं होतं, अजून सोन्याचीच भूक आहे. चित्रानं खाण थांबत नाही, हे सायमनलाही कळत असणार. चित्रानं एवढंच होतं की खाणवाला जेव्हा म्हणतो 'इथं कुणी राहतच नव्हतं,' तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला खापर असतं. आणि ते खापर ओळखणारा माणूस त्याच मातीतला असतो, सही करणारा, साक्ष देणारा, प्रश्न विचारणारा.

म्हणून, दोस्तहो, आपल्यातले जे चित्रं काढतात, कविता करतात, गाणी लिहितात, त्यांनी सायमनकडून 'प्रेरणा' घेऊ नये. प्रेरणा स्वस्त झालीय. त्याच्याकडून कामाची पद्धत घ्यावी. विद्या मिळवायची, ती परत वस्तीत आणायची, आणि वस्तीतल्या दुसऱ्या दहा हातांत हत्यार द्यायचं. आपलं नाव एकट्याचं मोठं झालं आणि मागं शिबिर उभं राहिलं नाही, तर आपणही काचेतली वस्तू होऊन बसू. काच पुसायला माणसं भरपूर आहेत.